अकोल्याला न्यायची टोपली

अकोल्याच्या डॉक्टरचं पत्र येऊन चार दिवस झाले, तरी ते कोनाड्यात तेलाच्या बुधलीमागं पडून होतं. घरात वाचता येणारं माणूस एकच, शकुन. आणि ती पत्र हातात घेऊन बसली की तिच्या नवऱ्याला, उत्तमरावाला, नेमकं बगीच्यात काहीतरी काम आठवायचं. पाचव्या दिवशी दुपारची जेवणं झाली तशी तिनं दार लोटलं आणि पाट टाकून दारातच बसली.

"आता जा कुठं जाता ते," ती म्हणाली.

पत्रात औषध नव्हतं, नुसते प्रश्न होते. डॉक्टर केशवरावांची ती रीतच होती. रोग्यानं पहिल्यांदा यायच्या आधी घरी बसून उत्तरं लिहायची, तीन आठवडे सगळी जुनी औषधं बंद ठेवायची, आणि आजवर जे जे पोटात घेतलं, अंगाला चोळलं, त्यातलं उरलंसुरलं सोबत आणायचं. शकुनचा धाकटा भाऊ सहदेव त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानंच दिवाळीत सांगितलं होतं, की पुरुषाच्या अंगात जो रस आपसूक तयार होतो, दाढीमिशा आणतो, जोर आणतो, तो आता विलायतेत बाटलीत भरतात. टेस्टोस्टेरॉन म्हणतात त्याला. तेलातली सुई असते. लढाईमुळं माल थोडाच येतो, म्हणून डॉक्टर आधी माणूस नीट पारखून घेतात.

उत्तमरावाला पारखून घेणं नको होतं, सुई हवी होती. अचलपूरला साहेबाच्या कागदात एलिचपूर म्हणत, त्या एलिचपूरपासून दोन कोसांवर त्याचा तीनशे झाडांचा संत्र्याचा बगीचा होता, विहीर होती, पिढीजात बागवानीचं नाव होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. गावानं, घरानं आणि खुद्द उत्तमरावानं त्याचा निकाल कधीच लावून टाकला होता: बाई वांझ आहे. या वर्षी सासूनं, माणिकबाईनं, बाळापूरची एक सतरा वर्षांची मुलगीही हेरली होती. शकुननं तेव्हा घर डोक्यावर घेतलं. शेवटी उत्तमरावानं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, की आधी अकोल्याच्या डॉक्टरला दाखवीन. तो काय ते सांगेपर्यंत बाळापूरचं नाव काढणार नाही. दोष त्याच्यात निघाला तर बाळापूर संपलं. तिच्यात निघाला तर तिनं मुकाट्यानं सवतीची खोली सारवायची. सौदा असा होता. त्यामुळं त्या पत्रातल्या एकेका उत्तरावर शकुनचं उभं आयुष्य टांगलेलं होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"दाढी किती दिवसांनी करता?" तिनं वाचलं.

"रोज लिही."

"रोज?"

"लिही नं रोज! त्याले काय दिसून राह्यलं अकोल्याहून?"

शकुननं टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. नत्थुजी न्हावी दर आठवड्याला ओसरीवर येऊन उत्तमरावाच्या गालाला साबण फासायचा आणि वस्तऱ्याची उलटी बाजू फिरवून जायचा. काढायला काही नसायचंच. दोघंही त्या वेळी पावसापाण्याच्या गप्पा करायचे. तिला तो खेळ आठवला आणि तोंड कडू झालं. ती दया नव्हती. चौदा वर्षांपूर्वी दया आली असती. आता नुसती शिसारी यायची.

पुढं झोपेचा प्रश्न होता, वजनाचा होता, छातीला मऊपणा आला का असा एक होता. त्यावर उत्तमराव लाजेनं लाल होऊन भिंतीकडं वळला. बायकोजवळ जाण्याची इच्छा होते का, याचं उत्तर त्यानं "लई" असं सांगितलं. शकुननं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. पाच वर्षं हा माणूस तिच्याकडं पाठ करून झोपत होता आणि सकाळी उठून आईसमोर उगाच जांभया देत होता. तिनं "लई" लिहिलं नाही. तिनं लिहिलं, पाच वर्षांपासून नाही. त्याला वाचता येत नव्हतं, हे एक बरं होतं.

"गालगुंड झाले होते का? त्यात खाली अंडाला सूज आली होती का? कोणत्या वर्षी?"

उत्तमराव एवढा वेळ वैतागून का होईना, बोलत होता. हा प्रश्न तिनं पुरा वाचताच मात्र त्यानं जोरात मान हलवली. म्हणाला, "नाई. असं काई झालं नाई. नाई लिही."

तिनं ती जागा कोरी सोडली. का सोडली ते तिलाही सांगता आलं नसतं. फार पटकन् नाही म्हणाला, एवढंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं औषधं गोळा करायला घेतली. उत्तमरावाची औषधं बगीच्यातल्या राखणीच्या खोपडीत, माळ्यावर, धान्याच्या कणगीमागं, कुठं कुठं दडवलेली होती. एकेक बाहेर निघालं तसा घरात वास सुटला. सांड्याचं, त्या जाड शेपटीच्या रानसरड्याचं, पिवळं तेल होतं, त्यात काहीतरी गाळ बसला होता. मेळघाटातून आणलेली अस्वलाची चरबी होती, ती हिरवी पडली होती. काळं भस्म होतं. बोकडाचे वृषण तुपात कढवलेली एक बरणी होती. तिचं फडकं सोडताच शकुननं तोंड फिरवलं आणि परसात जाऊन ओकली. हे सगळं या माणसानं चाटलं होतं, चोळलं होतं, आणि एकदाही कुणाला म्हणाला नव्हता की माझ्यात उणं आहे! सगळं चोरून. बाहेर मात्र मिशीवरून हात, ती मिशीही चार केसांची.

परत येऊन तिनं तोंड धुतलं आणि तिच्या मनात आलं, माझ्या औषधांचं काय?

ती तर दडवावी लागली नव्हती. ती सगळ्यांच्या देखत पाजली होती. माणिकबाईच्या पेटीत सगळं जपून ठेवलेलं होतं, कारण उद्या आणखी लागलं तर पुन्हा कुठं शोधा. शकुननं दुसरी टोपली घेतली. हिराकसाची पुडी. कसल्या तरी मुळ्या, ज्यांच्या काढ्यानं तिला महिनाभर रक्त गेलं होतं. एका बाबाच्या धुनीतली राख. आणि कापडात बांधलेला, वाळून काळाठिक्कर पडलेला एक तुकडा: गावातल्या एका बाळंतिणीच्या पोराची नाळ. त्यातला अर्धा केळ्यात घालून तिला गिळायला लावला होता, उरलेला पुढच्या अमावस्येसाठी राखला होता. ते केळं घशात अडकलं होतं तेव्हा सासूनं पाठीत बुक्की मारून खाली उतरवलं होतं. टोपलीत जे मावण्यासारखं नव्हतं ते तिच्या अंगावर होतं. बेंबीभोवती बिब्ब्याचे पाच डाग होते, रुपयाएवढे.

दोन टोपल्या शेजारी ठेवल्या तर तिची भरून वर आली होती. त्याची अर्धी होती.

माणिकबाई दारात येऊन पाहत होती. सत्तरीची बाई, पण नजर तेज. तिला त्या नव्या सुईची धास्ती वाटत होती, आणि लेकाच्या जिवाला जपण्यात तिनं आजवर कधी कसूर केली नव्हती. ती आत गेली, उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं काढलं आणि त्यातून एक लाकडी डबी घेऊन आली. डबीच्या बुडाशी तांबडा लेप वाळून भेगाळला होता.

"सूनबाई, हे बी टाक बापा त्याच्या टोपलीत," ती म्हणाली. "डॉक्टरनं समदं मांगतलं हाय नं? एखादं राह्यलं अन् सुई उलटली तं?"

"हे कशाचं?"

"तुयं लगन झालं त्या साली त्याले गालगुंड आले होते. मंग खाली सूज उतरली, कैरीएवढी. तापात बरळत होता. पंधरा दिस म्या हा लेप लावला. तुले म्हनून तं दोन मईने माहेरी धाडलं होतं."

शकुनला ते दोन महिने आठवले. नवी नवरी, हातातला चुडाही फिका झाला नव्हता. तिला सांगितलं होतं की सासरी देवीची पूजा आहे, नव्या सुनेनं राहू नये.

"आत्याबाई, चौदा वर्सं तुमाले ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हंजे काय? सूज उतरली नं. झालं संपलं."

"अन् मले डाग देल्ले ते?"

माणिकबाईला खरोखर नवल वाटलं. "आता काय गावात बोभाटा करावा का पोराचा?" ती म्हणाली. "बाईच्या जातीले काय, दोन डाग जास्तीचे."

जिनं डाग देताना तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते, ती बाई हे म्हणत होती, आणि म्हणताना तिच्या तोंडावर कपट नव्हतं, लाजही नव्हती. शकुनला त्या डबीची, सासूच्या त्या हातांची, स्वतःच्या त्या पोटाचीही किळस आली. रडू मात्र आलं नाही. तिनं पत्र काढलं आणि कोऱ्या जागी लिहिलं: होय. दोन्ही. लग्न झालं त्या साली.

डबी तिनं टोपलीत ठेवली.

त्यानंतर तीन आठवडे उत्तमरावानं जे केलं ते एखादा बागवानच करू जाणे. पौष लागला होता, आणि संत्र्याच्या बगीच्यात पौषात झाडं ताणावर सोडतात. पाणी तोडायचं. झाड कोमेजतं, पानं पिवळी पडून गळतात, बघणाऱ्याला वाटतं मेलं. मग नेमक्या दिवशी विहिरीचं पाणी सोडलं की पंधरा दिवसांत फांदीफांदीला फुलं फुटतात. उत्तमरावानं हे तीस वर्षं पाहिलं होतं. डॉक्टरनं जुनी औषधं तीन आठवडे बंद ठेवायला सांगितली, यातून त्यानं आपल्या अकलेनं पुढचं ताडलं. सुई म्हणजे पाणी. आणि पाण्याआधी ताण नसेल तर बहार कसा येणार?

त्यानं दूध सोडलं, तूप सोडलं. दोन्ही वेळ मिळून एक भाकरी, तीही कोरडी. निजायला बगीच्यातल्या खोपडीत, उघड्या खाटेवर.

"असं कागदात लिहेल नाई," शकुननं दोनदा सांगितलं. "डॉक्टरनं फक्त औषधं बंद कराले लावली. जेवाची मनाई नाई."

"तुले काय समजते? झाडाले ताण देल्ला नाई तं नुसता पाला येते, फूल येत नाई."

तिला समजत होतं. तीही बागवानाचीच लेक होती. पण पंधराव्या दिवशी त्याची गालफडं बसली, डोळे खोल गेले, आणि तरी तो बोटांवर काहीतरी मोजत खुशीत असायचा. ओसरीवर पडून आईशी हळू आवाजात बोलायचा, आणि शकुन आली की दोघं गप्प व्हायची. तिला वाटलं, भीत असेल. डॉक्टरकडं जायचा दिवस मोजत असेल. इतकं भलं वाटण्याइतकी ती अजून भोळी होती, आणि पुढं तिला याचाही राग आला.

ठरल्या दिवशी लहान रुळांच्या आगगाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं ती दोघं अकोल्याला पोचली. दोन्ही टोपल्या शकुनच्या हातात होत्या, कारण उत्तमरावाला स्वतःचं धोतर सावरून चालणंही जड जात होतं. डब्यातल्या लोकांनी वासानं नाकाला पदर लावले. एकानं विचारलं, मेलेलं काय घेऊन चालल्या बाई? शकुननं टोपल्या पायाशी ओढून घेतल्या.

दवाखान्यात सहदेवनं उत्तमरावाला काट्यावर उभं केलं आणि तो चक्कर येऊन मेहुण्याच्याच अंगावर कोसळला. डॉक्टर केशवरावांनी त्याला आत नेऊन पाऊण तास तपासलं. मग शकुनला बोलावलं. उत्तमराव बाकावर बसून कपातून दूध पीत होता. टेबलावर तिनं लिहिलेली उत्तरं होती आणि त्याची टोपली उघडी होती. डॉक्टरांनी हातातली लाकडी डबी खाली ठेवली.

"उत्तरं तुम्ही लिहिलीत?"

"हो."

"खरी लिहिलीत, त्यामुळं माझं काम सोपं झालं. हे पाहा, गालगुंडाच्या सुजेनं यांच्या दोन्ही ग्रंथी तेव्हाच वाळून गेल्या आहेत. बोराएवढ्या राहिल्या आहेत. सुई दिली तर अंगात जोर येईल, दाढी येईल, मन लागेल. पण मूल होणार नाही. या सुईनंही नाही आणि दुसऱ्या कशानंही नाही." ते उत्तमरावाकडं वळले. "आणि आज तर मी सुई देणारच नाही. उपाशी राहून तुम्ही अंगाची दैना केलीत. महिनाभर नीट जेवा, दूध प्या, मग या."

"मईनाभर?" उत्तमराव दचकून उठला, कप कलंडला. "मईनाभर कसं जमन साहेब? लगन तं अठरा दिसावर हाय! म्या त्याच हिशेबानं ताण देल्ला नं! आज सुई लागली तं पंधरा दिसात बहार..."

तो बोलता बोलता थांबला. फार उशिरा थांबला.

शकुननं त्याच्याकडं पाहिलं. बागवानाच्या लेकीला हे तीन आठवड्यांपूर्वीच कळायला हवं होतं. ताण कुणी उगाच देत नाही. फुलं कोणत्या दिवशी हवीत ते आधी ठरतं, आणि तिथून मागं मोजत येऊन पाणी तोडतात. हा बोटांवर मोजत होता ते माघातली तिथी मोजत होता. भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली त्याच आठवड्यात मायलेकांनी तिथी काढून आणली असणार. हा डॉक्टरकडं दोष पाहायला आलाच नव्हता. नव्या नवरीसाठी अंग तयार करायला आला होता, आणि त्या तयारीची उत्तरं लिहायला, टोपल्या वाहायला त्यानं तिलाच जुंपलं होतं.

"मूल होनार नाई, आयकलं नं तुमी?" ती म्हणाली.

"हळू बोल," उत्तमराव पुटपुटला. "ते आपलं आपल्यात. बाळापूरवाल्याईले काय ठाऊक होते? पोरगी लहान हाय. पुढं नाईच झालं तं... बाईचं औषधपानी करताच येते."

ते वाक्य त्यानं दुधानं ओल्या झालेल्या ओठांनी म्हटलं. शकुननं त्याच्याकडं पाठ केली. तिला वाटलं, या माणसाच्या हाताला लागलेलं पाणीदेखील आपण पुन्हा प्यायचं नाही.

पण डॉक्टरांशी ती शांतपणे बोलली. "जे मले सांगतलं ते कागदावर लिहून देता का?"

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडं, मग तिच्या हातातल्या दुसऱ्या टोपलीकडं पाहिलं. "ही कुणाची?"

"मायी. चौदा वर्सांची."

त्यांनी झाकण उचललं, आतलं पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. कागद ओढून लिहिलं, खाली सही केली. शकुननं कागद पदराच्या गाठीत बांधला आणि बाहेर आली. सहदेव मागोमाग आला.

"ताई, कुठं चालली?"

"बाळापूरची मोटार कुठून सुटते ते दाखव. अन् तुया भाऊजीले तुयाच्यानं घरी धाडता आलं तं धाड, नाई तं बसू दे तिथंच."

बाळापूरला ती पोचली तेव्हा उन्हं अजून वर होती. किल्ल्याच्या बाजूला घर विचारत गेली. मुलीची आई, पार्बताबाई, अंगणात भाजीच्या जुड्या बांधत होती. मुलगी शेजारी बसून पाणी शिंपडत होती. काटकुळी, हसरी, हाताला कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशीच्या बांगड्या.

"कोन तुमी, बाई?"

"मी शकुन. उत्तमरावची बायको."

पार्बताबाईचा चेहरा आवळला. भांडायला आली, असंच कुणालाही वाटलं असतं. "आमाले तुमच्या सासूनं समदं सांगतलं हाय," ती म्हणाली. "तुमच्यात दोष हाय तं आमच्या पोरीनं काय करावं?"

शकुननं पदराची गाठ सोडून कागद पुढं केला. "वाचता येनाऱ्याले दाखवा हे. अकोल्याच्या डॉक्टरनं आज लिहून देल्लं." मग ती खाली बसली, टोपली उघडली आणि एकेक वस्तू जमिनीवर मांडत गेली. हे मी काय म्हणून प्याले, हे किती दिवस प्याले, यानं काय झालं. आवाज चढवला नाही. मुळ्या मांडल्या, राख मांडली. शेवटी कापडाची पुरचुंडी सोडली.

"हे काय?" मुलीनं वाकून विचारलं.

"नाळ. दुसऱ्या बाईच्या लेकराची. अर्धी मी गिळली. हे अर्धी राह्यली." शकुन तिच्याकडं पाहून म्हणाली, "दोष त्यायच्यात हाय, बाई, अन् त्यायले चौदा वर्सांपासून ठाऊक हाय. तरी हे तुयासाठी जपून ठेवलं हाय."

मुलगी झटक्यात मागं सरली आणि पदरानं तोंड दाबून घराच्या कोपऱ्याकडं धावली. शकुननं पोटावरचं लुगडं दोन बोटं खाली केलं. पार्बताबाईनं ते डाग पाहिले. मग ती आत गेली आणि कुंकवाच्या दिवशी आलेलं हिरवं लुगडं, नारळ आणि पैंजणं घेऊन आली. मुलीला हाक मारून तिच्या हातातल्या बांगड्याही उतरवून घेतल्या. सगळं तिनं रिकाम्या टोपलीत ठेवलं.

"हे त्यायले नेऊन द्या," ती म्हणाली.

"मी तिकडं जाऊन नाई राह्यली," शकुन म्हणाली. "माया भाऊ अकोल्याले हाय. तो देऊन येईन."

पार्बताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. शकुनला सकाळपासून तहान लागली होती. पण तिनं आधी चुलीतली राख मागून घेतली, अंगणाच्या कडेला बसून कोपरापर्यंत हात घासले, धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा घासले. मग पाणी प्याली.